रोख आणि उधार: इराकमधली 2010 ची सत्तावाटणी

पार्श्वभूमी

7 मार्च 2010 रोजी इराकमध्ये संसदेच्या 325 जागांसाठी मतदान झालं. सकाळपासून बगदादमध्ये तोफगोळे पडत होते, इमारती कोसळत होत्या, आणि त्या एका दिवसात तीसहून अधिक माणसं गेली. तरीही देशभरात सुमारे 62 टक्के मतदान झालं. मतदान करून आलेली माणसं जांभळ्या शाईचं बोट दाखवत घरी जात होती.

या आकड्याचं मोल कळण्यासाठी पाच वर्षं मागे जावं लागतं. सद्दामनंतरची पहिली निवडणूक जानेवारी 2005 मध्ये झाली. सुन्नी अरबांनी तिच्यावर बहिष्कार टाकला होता. सुन्नीबहुल अनबार प्रांतात तेव्हा जेमतेम दोन टक्के लोकांनी मत दिलं. त्यांच्या गैरहजेरीतच राज्यघटना लिहायला घेतली गेली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सार्वमताने ती मंजूर झाली. फेब्रुवारी 2006 मध्ये समाऱ्याचा शियांना पवित्र असलेला अस्करी दर्गा उडवला गेला आणि बगदादच्या गल्ल्यांत शिया-सुन्नी कत्तली सुरू झाल्या. त्या होरपळीतून बाहेर पडलेला सुन्नी मतदार 2010 साली मतपेटीकडे वळला होता. बंदुकीने जे मिळालं नाही ते मताने मिळेल का, हे त्याला पाहायचं होतं. पुढे जे घडलं त्याचा हिशेब मी या मतदारापासूनच मांडतो.

इराकमध्ये एक अलिखित वाटणी रूढ झाली होती: राष्ट्राध्यक्ष कुर्द, पंतप्रधान शिया, संसदेचा सभापती सुन्नी अरब. राज्यघटनेत असं कुठेही लिहिलेलं नाही. लोक या पद्धतीला ‘मुहासासा’ म्हणतात, म्हणजे हिस्सेवाटप, आणि हा शब्द बहुतेक वेळा तक्रारीच्या सुरातच तोंडी येतो. मंत्रालय एका गटाला मिळालं की खालची शिपायापर्यंतची भरतीही त्याच गटाची होते, त्यामुळे मंत्रिपद म्हणजे हजारो घरांची चूल असते. सरकार बनवण्याची बोलणी तिथे लांबतात त्यामागे हे मोठं कारण आहे.

या वेळी चित्र थोडं बदललं होतं. अयाद अल्लावी स्वतः शिया, पण धर्मनिरपेक्ष राजकारण करणारे. एके काळी सद्दामच्या बाथ पक्षात होते, पुढे त्याच्या विरोधात गेले, आणि 1978 मध्ये इंग्लंडमधल्या त्यांच्या घरात घुसून त्यांच्यावर कुऱ्हाडीने हल्ला झाला होता. त्यांच्या ‘इराकिया’ आघाडीत मोसुलचे उसामा नुजैफी, तारिक हाशिमी, राफी इस्सावी, सालेह मुतलक असे वजनदार सुन्नी नेते एकत्र आले होते. समोर विद्यमान पंतप्रधान नूरी मालिकी यांची ‘कायद्याचं राज्य’ ही आघाडी होती. 2008 मध्ये मालिकींनी बसऱ्यात शिया धर्मगुरू मुक्तदा सद्र यांच्या सशस्त्र लोकांवर लष्कर घातलं होतं आणि त्यातून खंबीर नेता अशी त्यांची प्रतिमा झाली होती. या निवडणुकीत ते बाकीच्या शिया पक्षांपासून वेगळे लढले.

मतदानाच्या आधीच एक घाव बसला होता. जानेवारी 2010 मध्ये बाथ पक्षाशी संबंध असल्याच्या आरोपावरून पाचशेहून अधिक उमेदवार बाद ठरवले गेले. मुतलक त्यांपैकी एक. यादीत शियाही होते, पण सुन्नी वस्त्यांनी तिचा अर्थ आपल्यापुरता लावला. आणि तरीही ते मतदानाला आले.

समस्या

26 मार्चला निकाल जाहीर झाला. इराकिया 91, कायद्याचं राज्य 89. तिसऱ्या क्रमांकावर 70 जागांची शिया ‘राष्ट्रीय आघाडी’, ज्यात सद्र यांचे अनुयायी आणि अम्मार हकीम यांची इस्लामिक सर्वोच्च परिषद हे मुख्य घटक होते. मोठ्या कुर्द आघाडीला 43 जागा. उरलेल्या जागा लहान कुर्द आणि सुन्नी पक्षांना आणि अल्पसंख्याकांच्या राखीव मतदारसंघांना गेल्या. बहुमताला 163 हवे होते. पहिल्या दोघांमध्ये देशभरात साठ हजारांहूनही कमी मतांचं अंतर होतं.

इराकिया पहिली आली, मग सरकार बनवण्याची पहिली संधी तिची, असं तिच्या मतदारांनी गृहीत धरलं. पण घटनेच्या 76व्या कलमात ‘निवडणुकीत पहिला आलेला’ असे शब्द नाहीत. तिथे आहे ‘संख्येने सर्वांत मोठा संसदीय गट’. गटाला अरबीत ‘कुतला’ म्हणतात. आता हा कुतला म्हणजे मतपत्रिकेवरची आघाडी, की संसदेत बसल्यावर जुळलेला गट?

मालिकींच्या बाजूने हा प्रश्न सर्वोच्च संघीय न्यायालयाकडे नेला आणि न्यायालयाने 25 मार्चला उत्तर दिलं: दोन्ही अर्थ चालतील. निवडणुकीला एकत्र सामोरी गेलेली आघाडी, किंवा निकालानंतर एकत्र आलेले गट, या दोन्हींपैकी जे संख्येने मोठं ठरेल ते. निकाल जाहीर व्हायला तेव्हा एकच दिवस उरला होता.

मराठी वाचकाला हा वाद परका नाही. 2019 मध्ये महाराष्ट्रात 105 जागांचा पक्ष सर्वांत मोठा ठरला आणि सरकार आलं ते निकालानंतर जुळलेल्या तीन पक्षांचं. आपल्या राज्यघटनेतही सर्वांत मोठ्या पक्षाला आधी बोलवा असं कलम नाही. कायद्याचा विचार करता बगदादच्या न्यायालयाचं म्हणणं टिकण्यासारखं होतं, असंच मला वाटतं. दुखणं वेळेचं होतं. नियमाचा अर्थ मतदानाच्या आधी स्पष्ट झाला असता तर त्याला कुणी डाव म्हटलं नसतं. मतमोजणी संपत आल्यावर तो स्पष्ट झाला, आणि फलूजा-मोसुलमधल्या सुन्नी माणसाला वाटलं की आपण जिंकलो म्हणून नियम बदलला.

कोणते पर्याय होते

कागदावर चार जुळण्या शक्य होत्या.

मालिकी आणि अल्लावी एकत्र आले तर 180. अमेरिकेतल्या अनेकांना हे आवडलं असतं, कारण शिया आणि सुन्नी मतदारांचे दोन मोठे हिस्से एका सरकारात आले असते. 12 जूनला दोघे निकालानंतर प्रथम भेटले, नंतरही भेटले. पण पंतप्रधानपद एक होतं, ते दोघांनाही हवं होतं, आणि दोघांचा एकमेकांवर काडीचाही विश्वास नव्हता.

दुसरी जुळणी: इराकिया, राष्ट्रीय आघाडी आणि कुर्द, मिळून 204. मालिकी बाहेर. हकीम आणि सद्र दोघांचंही मालिकींशी वाकडं होतं, म्हणजे हे अशक्य नव्हतं. अडचण पंतप्रधानपदाचीच. शिया धार्मिक पक्षांना हे पद सुन्नी मतांवर उभ्या असलेल्या आघाडीच्या हाती द्यायचं नव्हतं, मग तिचा नेता शिया का असेना. पण हकीम यांच्या पक्षाचे आदिल अब्दुल महदी हे नाव तडजोडीला उपलब्ध होतं.

तिसरी: दोन्ही शिया आघाड्या 159, त्यांत कुर्द मिळवले की 202. बहुमत आरामात, पण सुन्नी मतदार जवळपास पूर्ण बाहेर. 2005 ची पुनरावृत्ती, फरक इतकाच की या वेळी तो मत देऊन बाहेर राहिला असता.

चौथी म्हणजे सगळ्यांचं मिळून सरकार, ज्याला ‘राष्ट्रीय भागीदारी’ असं नाव मिळालं. यात कुणी हरत नाही, म्हणून ते सगळ्यांना मान्य करता येतं. पण यात विरोधी पक्ष उरत नाही, आणि भांडण संसदेतून मंत्रिमंडळात शिरतं.

काय केलं गेलं

मालिकींची पहिली चाल फेरमोजणीची होती. बगदादमधली सुमारे 25 लाख मतं मे महिन्यात हाताने पुन्हा मोजली गेली. एकही जागा इकडची तिकडे झाली नाही. पण वेळ मिळाला, आणि त्या वेळात, 4 मे रोजी, दोन्ही शिया आघाड्यांनी एकत्र आल्याचं जाहीर केलं. पंतप्रधान कोण, हे त्यांनी तेव्हा ठरवलंच नाही. 76व्या कलमातला ‘सर्वांत मोठा गट’ आपण आहोत एवढं सांगण्यापुरती ती एकी होती, आणि तेवढी पुरली.

अल्लावी या काळात काय करत होते? ते रियाध, अम्मान, दमास्कस, अंकारा असे शेजारच्या राजधान्यांत दिसत होते. पहिला हक्क आपला, ही भूमिका त्यांनी सोडली नाही. मला हा या प्रकरणातला सर्वांत महागात पडलेला निर्णय वाटतो. एप्रिलमध्ये, शिया एकी व्हायच्या आधी, त्यांनी हकीम आणि सद्र यांच्याकडे जाऊन म्हणायला हवं होतं, पंतप्रधान तुमचा, बाकी वाटणी बसून ठरवू. अब्दुल महदींना पाठिंबा द्यायची तयारी इराकियाने दाखवली, पण शरद ऋतूत, मालिकींचं नाव शिया आघाडीने पुढे केल्यानंतर. तोवर सद्र दुसरीकडे गेले होते. त्या काळी इराणमधल्या कोममध्ये राहणाऱ्या सद्र यांच्यावर इराणचं वजन होतं. ज्या मालिकींनी बसऱ्यात आपल्या माणसांवर रणगाडे घातले त्यांनाच सद्र यांनी पाठिंबा दिला, आणि 1 ऑक्टोबरला मालिकींची उमेदवारी जाहीर झाली. ऑक्टोबरात मालिकी दमास्कस आणि तेहरान दोन्हीकडे जाऊन आले. वर्षभरापूर्वी बगदादच्या बाँबस्फोटांवरून ते सीरियावर उघड आरोप करत होते.

मधला उन्हाळा मात्र बघायला हवा, कारण वाटाघाटीच्या टिपणांत तो येत नाही. 14 जूनला नवी संसद भरली. हंगामी सभापती फुआद मासूम. सदस्यांनी शपथ घेतली. घटनेप्रमाणे याच पहिल्या बैठकीत सभापती निवडायला हवा होता. तो निवडला गेला असता तर पुढच्या पदांची घड्याळं चालू झाली असती. म्हणून बैठक संपवलीच नाही, ‘खुली’ ठेवली. वीस मिनिटांच्या आसपास कामकाज झालं, सदस्य उठून गेले, आणि कागदोपत्री ती पहिली बैठक पुढचे चार-पाच महिने चालूच राहिली. पाच दिवसांनी बसऱ्यात लोक विजेसाठी रस्त्यावर उतरले. पारा पन्नाशीकडे आणि वीज दिवसातून काही तास. गोळीबार झाला, एक निदर्शक मेला, वीजमंत्री करीम वहीद यांनी राजीनामा दिला. 31 ऑगस्टला अमेरिकेने लढाऊ मोहीम संपल्याचं जाहीर केलं. त्याच महिन्यात बगदादमध्ये सैन्यभरतीच्या रांगेत उभ्या असलेल्या तरुणांमध्ये आत्मघातकी हल्लेखोर घुसला आणि साठेक मुलं गेली. नोकरीसाठी आलेली मुलं होती ती. 31 ऑक्टोबरला बगदादच्या सय्यिदत अल-नजात चर्चमध्ये रविवारच्या प्रार्थनेला आलेल्या लोकांना ओलीस धरलं गेलं, पन्नासहून अधिक माणसं मारली गेली. यातल्या कुठल्याही दिवशी जबाबदारी घेईल असं पूर्ण अधिकाराचं सरकार देशाला नव्हतं.

ही कोंडी नेत्यांनी फोडली नाही. नागरी संघटनांनी दावा दाखल केला आणि 24 ऑक्टोबरला सर्वोच्च संघीय न्यायालयाने ‘खुली बैठक’ घटनाबाह्य ठरवली, संसद भरवा म्हणून सांगितलं. या कार्यकर्त्यांचं नाव समझोत्याच्या छायाचित्रांत कुठेच दिसत नाही.

आता चावी कुर्दांकडे होती. त्यांनी 19 मागण्यांची यादी आधीच दिली होती: किर्कुक या वादग्रस्त प्रांताचं भवितव्य ठरवणारं घटनेचं 140वं कलम, तेल आणि वायूचा कायदा, पेशमर्गांचा, म्हणजे कुर्द सैनिकांचा, पगार, आणि राष्ट्राध्यक्षपद. अमेरिकेच्या मनात होतं की राष्ट्राध्यक्षपद अल्लावींना देऊन गुंता सोडवावा. नोव्हेंबरच्या सुरुवातीला खुद्द ओबामांनी विद्यमान राष्ट्राध्यक्ष, कुर्द नेते जलाल तालाबानींना फोन करून बाजूला व्हा म्हणून विचारलं. कुर्दांनी नकार दिला. तेव्हा पर्यायी जागा तयार करायची ठरलं: अल्लावींच्या अध्यक्षतेखाली ‘धोरणात्मक बाबींसाठी राष्ट्रीय परिषद’. सुरक्षा, परराष्ट्र धोरण यांसारख्या मोठ्या प्रश्नांवर पंतप्रधानांना एकट्याने निर्णय घेता येऊ नये ही तिची कल्पना.

इराकी कुर्दिस्तानचे अध्यक्ष मसूद बारझानी यांच्या पुढाकाराने 8 नोव्हेंबरला कुर्दांच्या राजधानीत, अर्बिलमध्ये सगळे एकत्र बसले, पुढे बोलणी बगदादला गेली आणि 10 नोव्हेंबरच्या रात्री मालिकी, अल्लावी आणि बारझानी यांच्यात समझोता झाला. त्याचा मजकूर तेव्हा लोकांपुढे ठेवला गेला नाही. परिषद सल्ला देणार की निर्णय, तिचा निर्णय पंतप्रधानांवर बांधील असणार का, तिला पैसा आणि कर्मचारी कुठून येणार, हे नंतर कायद्यात ठरेल असं ठेवलं गेलं.

11 नोव्हेंबरची संध्याकाळ

या दिवसाला वेगळं शीर्षक द्यावंसं वाटतं, कारण पुढचं सगळं इथे ठरलं.

संसद भरली. उसामा नुजैफी सभापती झाले. इराकियाला तिचा वाटा मिळाला, आणि तो खरा होता. त्यानंतर राष्ट्राध्यक्षाची निवड होती. नवा राष्ट्राध्यक्ष मालिकींना सरकार बनवायला सांगणार हे ठरलेलंच. इराकियाच्या सदस्यांनी उठून मागणी केली की आधी कालच्या समझोत्यावर सभागृहाने शिक्कामोर्तब करावं, आमच्या नेत्यांवरची बाथविरोधी बंदी उठवावी, मग राष्ट्राध्यक्ष निवडावा. सभागृहाने ऐकलं नाही. अल्लावींसह इराकियाचे साठेक सदस्य बाहेर पडले. बाकीच्यांनी मतदान चालू ठेवलं आणि तालाबानी दुसऱ्या फेरीत 195 मतांनी पुन्हा निवडून आले. त्याच संध्याकाळी त्यांनी मालिकींचं नाव घेतलं.

इराकियाने त्या दिवशी मागितलेलं काय होतं? क्रम बदला, एवढंच. जे आम्ही देतोय ते दिल्यावर परत घेता येत नाही, म्हणून जे तुम्ही देताय ते आधी द्या. अगदी रास्त मागणी. पण ती आदल्या रात्री टेबलावर करायची होती, जेव्हा बारझानी आणि अमेरिकी राजदूत जेम्स जेफ्री दोघांनाही समझोता हवा होता आणि ‘नाही’ म्हणायला किंमत होती. सभागृहात, सभापतिपद स्वीकारून झाल्यावर, तिच्यात दम उरला नव्हता. दोन दिवसांनी इराकियाचे सदस्य परत आले.

दुकानात पाटी असते, ‘आज रोख, उद्या उधार’. मालिकींना त्या संध्याकाळी रोख मिळालं. इराकियाला जे मिळालं त्याचे दोन भाग करायला हवेत, कारण सरसकट ‘फसवले गेले’ म्हणणं खरं नाही. नेत्यांना व्यक्तिशः जे मिळायचं होतं तेही रोखच मिळालं: नुजैफी सभापती, मुतलक यांच्यावरची बंदी 18 डिसेंबरला उठली आणि ते उपपंतप्रधान झाले, इस्सावींना अर्थखातं, हाशिमींना उपराष्ट्राध्यक्षपद. उधारीवर राहिलं ते मतदारांसाठी होतं: पंतप्रधानांच्या अधिकारावर लगाम, लष्करात समतोल, निर्णयात वाटा.

राष्ट्राध्यक्षांनी औपचारिक पत्र 25 नोव्हेंबरला दिलं. त्या दिवसापासून मंत्रिमंडळासाठी 30 दिवस होते. 21 डिसेंबरला, मतदानानंतर 289 दिवसांनी, संसदेने सरकारला मंजुरी दिली. संरक्षण, गृह आणि राष्ट्रीय सुरक्षा ही तिन्ही खाती मालिकींनी ‘तात्पुरती’ स्वतःकडे ठेवली. परिषदेचा कायदा तोवर झालेला नव्हता. इराकियाने बाजूने मत दिलं.

निष्पत्ती

परिषद कधीच अस्तित्वात आली नाही. मार्च 2011 मध्ये अल्लावींनी तिचं अध्यक्षपद घेणार नसल्याचं जाहीर केलं. संरक्षण खातं काही महिन्यांनी हंगामी मंत्र्याकडे गेलं. गृहमंत्री मालिकींच्या त्या संपूर्ण कार्यकाळात नेमला गेला नाही. ‘तात्पुरतं’ या शब्दाला समझोत्यात मुदत घातली नव्हती.

18 डिसेंबर 2011 रोजी शेवटचे अमेरिकी सैनिक कुवेतच्या सरहद्दीपार गेले. दुसऱ्याच दिवशी उपराष्ट्राध्यक्ष हाशिमींवर दहशतवादाच्या आरोपाखाली अटकेचं वॉरंट निघालं. हाशिमींनी आरोप नाकारले, ते देश सोडून गेले, आणि 2012 मध्ये त्यांच्या गैरहजेरीत फाशीची शिक्षा सुनावली गेली. 2012 च्या वसंतात बारझानी, अल्लावी आणि सद्र अविश्वास ठरावासाठी एकत्र आले, पण पुरेशा सह्या नाहीत असं सांगून तालाबानींनी तो पुढे पाठवला नाही. डिसेंबरमध्ये अर्थमंत्री इस्सावींच्या अंगरक्षकांना अटक झाली आणि अनबारमध्ये महामार्गावर निदर्शकांचे तंबू पडले. म्हणजे रोख मिळालेली पदंसुद्धा टिकली नाहीत, कारण पोलीस, लष्कर आणि तपास यंत्रणा ज्यांच्या हाती होत्या त्यांच्यावर लगाम घालायची व्यवस्था उधारीतच राहिली होती.

एप्रिल 2013 मध्ये हवीजाच्या धरणे-छावणीवर सुरक्षा दलांनी कारवाई केली, त्यात डझनांनी माणसं गेली. 10 जून 2014 रोजी मोसुल इस्लामिक स्टेटच्या हाती पडलं. मोसुल पडायला केवळ 2010 चा समझोता कारण झाला असं मी म्हणणार नाही: शेजारी सीरियात युद्ध होतं, सैन्य भ्रष्टाचाराने पोखरलेलं होतं. पण ज्या निनवे प्रांताने 2010 मध्ये इराकियाला वीस जागा दिल्या त्याच प्रांताची ही राजधानी. चार वर्षांपूर्वी ज्या लोकांनी रांगेत उभं राहून बोट जांभळं केलं होतं, त्यांच्यापैकी किती जणांना बगदादचं सरकार वाचावं असं वाटत होतं, हा प्रश्न मला टाळता येत नाही.

ऑगस्ट 2014 मध्ये मालिकी पायउतार झाले. त्यांच्या जागी हैदर अबादी आले.

वेगळं काय करता आलं असतं

सोपं उत्तर असं: परिषदेचा कायदा आधी, पंतप्रधानाची नेमणूक नंतर. पण हे इराकियाला एकटीला जमलं असतं का? शिया आघाडी 159 आणि कुर्द 43 मिळून 202 होतात, बहुमताला 163 पुरतात. इराकिया बाहेर बसली असती तरी मालिकींचं सरकार आलं असतं. तिच्या हातात अडवण्याची ताकद नव्हतीच. ती कुर्दांच्या हातात होती.

म्हणून खरा प्रश्न बारझानींना विचारायला हवा. मध्यस्थ तेच होते आणि समझोत्याचे जामीनदारही तेच. त्यांच्या 19 मागण्यांमध्ये एक कलम असं होतं की घटनेचं उघड उल्लंघन झाल्यामुळे कुर्द बाहेर पडले तर सरकारने राजीनामा दिला असं मानलं जावं. स्वतःच्या मागण्यांसाठी त्यांना असा खटका सुचला होता. तोच खटका परिषदेच्या कायद्याला जोडता आला असता: अमुक तारखेपर्यंत कायदा झाला नाही तर कुर्दांची 43 मतं सरकारला धरायची नाहीत. 21 डिसेंबरच्या आधी ती तारीख मागायला अजून वेळ होता. कुर्दांना त्यात काय मिळालं असतं, असं कुणी विचारेल. 2014 पर्यंत त्यांचंही बगदादशी तेल आणि पगारावरून बिनसलं, आणि तेव्हा पंतप्रधानांना रोखणारी एकही संस्था त्यांनाही सापडली नाही.

अमेरिकेकडे वजन होतं, पण घाई त्याहून जास्त होती. सैन्य काढण्याची तारीख ठरलेली होती आणि त्या आधी बगदादमध्ये सरकार हवं होतं. अमेरिकी लष्करी आणि राजनैतिक वर्तुळांतही एकमत नव्हतं: पहिल्या आलेल्याला पहिली संधी मिळू द्या म्हणणारे होते आणि मालिकीच टिकाऊ म्हणणारेही. परिषद अल्लावींना मिळाली म्हणजे तोल साधला असं मानून ते समाधानी झाले. तिच्या कायद्याचा मसुदा कुणाकडे आहे, हे 10 नोव्हेंबरच्या रात्री विचारायला हवं होतं.

अल्लावींबद्दल वर लिहिलं आहे. एक भर घालतो. त्यांच्या आघाडीतल्या प्रत्येक मोठ्या नेत्याला स्वतःचं पद हवं होतं, आणि ते मिळाल्यावर परिषदेसाठी अडून बसायला अल्लावींमागे फार कुणी उरलं नाही. मालिकींनी हे ओळखून एकेकाशी स्वतंत्र बोलणी केली. इराकियाने आपली पदं कुणी घ्यायची हे सर्वांत शेवटी ठरवलं असतं, सभापतिपदासकट, तर 11 तारखेला सभागृहाबाहेर पडणाऱ्यांमागे अख्खी आघाडी उभी राहिली असती. ते कठीण होतं हे मला कळतं. मुतलक यांच्यासारख्याची बंदी उठतेय म्हटल्यावर थांबा म्हणायचं कुणी?

मालिकींच्या बाजूनेही पाहायला हवं. त्यांनी कुठलाही कायदा मोडून सत्ता घेतली नाही. त्यांना भीती होती की परिषद म्हणजे दुसरा पंतप्रधान, आणि दोन पंतप्रधानांच्या हाताखाली सैन्य चालत नाही. हा आक्षेप खोटा नव्हता. पण तो 10 नोव्हेंबरला बोलून, परिषदेचे अधिकार लहान करून, तेवढेच कायद्यात उतरवता आले असते. सल्लागार परिषद का होईना, पण खरी. त्याऐवजी मोठी परिषद कबूल झाली आणि कुठलीच आली नाही.

76वं कलम तसंच राहिलं. ऑक्टोबर 2021 च्या निवडणुकीत सद्र यांचा गट 73 जागा घेऊन पहिला आला. सुन्नी आणि कुर्द मित्रांना घेऊन सरकार बनवण्याची तयारी त्यांनी केली. समोर विरोधी शिया पक्षांची समन्वय आघाडी उभी राहिली, मालिकी तिच्यात होते. फेब्रुवारी 2022 मध्ये न्यायालयाने सांगितलं की राष्ट्राध्यक्ष निवडायला दोन तृतीयांश सदस्य सभागृहात हजर हवेत, आणि सद्र यांची वाट अडली. जूनमध्ये त्यांच्या सर्व सदस्यांनी राजीनामे दिले. 27 ऑक्टोबर 2022 रोजी मोहम्मद शिया सुदानी यांचं सरकार आलं, मतदानानंतर वर्ष उलटून गेल्यावर.